वॉशर-ड्रायरमधून कपडे दमटच बाहेर येतात? किनाऱ्यावर दर वेळी दोष मशीनचा नसतो

जून उजाडला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत घरोघरी तेच चित्र दिसतं. पडवीत आडव्यातिडव्या दोऱ्या, पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठीवर टाकलेले टॉवेल आणि तिसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओली राहिलेली जीन्स. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे कपडे धुणारं आणि वाळवणारं एकच मशीन, म्हणजे वॉशर-ड्रायर, इथे अनेकांना सोयीचा वाटतो. नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर या भागात होमस्टे चालवणाऱ्यांसाठी तर तो धंद्याचाच भाग आहे. रविवारी दुपारी पाहुणे गेले की चादरी, अभ्रे आणि टॉवेल पुढच्या पाहुण्यांआधी कोरडे हवेत.

पण मशीन घरात आल्यावर तक्रार सुरू होते. चार-चार तास ते फिरतं, विजेचं मीटर पळतं आणि दार उघडलं की कपडे गरम असतात, पण दमट. मग मशीन बिघडलं असं गृहीत धरून टेक्निशियनला फोन जातो. प्रत्यक्षात या तक्रारीची बरीचशी कारणं घरच्या घरी तपासता येतात, आणि त्यातली काही तर बिघाडच नसतात. ती कोणती आणि कोणत्या क्रमाने तपासायची, ते पाहूया.

'ड्रायर' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे 'ड्रायर' हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या दुसऱ्या टबलाही ड्रायर म्हणतात. पण तो कपडे फक्त जोरात फिरवून पिळतो, त्यात उष्णता नसते. काही टॉप लोड मशीनवर 'एअर ड्राय' किंवा 'टब ड्राय' असं बटण असतं. त्यातही हीटर नसतो, बाहेरची हवा टबमधून फिरवली जाते. डिसेंबरमध्ये याचा थोडा उपयोग होतो. जुलैमध्ये बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असल्यामुळे जवळजवळ होत नाही.

खरा वॉशर-ड्रायर तिसऱ्या प्रकारचा. तो बहुधा फ्रंट लोड असतो आणि त्यात हवा तापवणारा हीटर असतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे मशीनवर किंवा माहितीपुस्तिकेत किलोचे दोन आकडे असतात, एक धुण्याचा आणि दुसरा, त्याहून लहान, वाळवण्याचा. एकच आकडा असेल तर ते मशीन बहुधा कपडे वाळवण्यासाठी बनलेलंच नाही आणि दुरुस्ती करून ते वाळवू लागणार नाही.

मशीन कपड्यांतलं पाणी घालवतं कसं?

हे काम चार टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात ड्रम जोरात फिरून कपडे पिळतो. दुसऱ्यात हीटर हवा तापवतो आणि पंखा ती कपड्यांतून फिरवतो, त्यामुळे पाण्याची वाफ होते. तिसऱ्यात ही वाफाळलेली हवा कंडेन्सरमधून जाते आणि थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं. चौथ्या टप्प्यात पंप ते पाणी ड्रेन पाइपमधून बाहेर टाकतो.

चारपैकी एकही टप्पा कमजोर पडला तरी परिणाम सारखाच दिसतो, तो म्हणजे दमट कपडे. म्हणून 'हीटर गेला' हा पहिला निष्कर्ष अनेकदा चुकतो.

पाण्याचा हिशेब पाहिला की पहिल्या टप्प्याचं महत्त्व कळतं. पाच किलो सुती कपडे मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या वेगाने पिळले, तर त्यांत साधारण अडीच लिटर पाणी उरतं. वेग ८०० फेऱ्या असेल तर साडेतीन लिटरच्या आसपास. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास ०.६५ युनिट वीज लागते. म्हणजे या दोन वेगांतल्या फरकामुळे प्रत्येक फेरीला ०.६५ युनिटच्या आसपास जास्त वीज आणि बराच जास्त वेळ लागू शकतो. आणि हा निव्वळ वाफ करण्याचा खर्च झाला. ड्रम, हवा आणि मशीनचं अंग तापवण्यात जाणारी वीज वेगळीच.

त्यामुळे वाळवण्याआधी स्पिनचा वेग कपड्याला सोसेल तेवढा जास्त ठेवावा. मशीन समतल नसेल किंवा कपडे एका बाजूला गोळा झाले असतील, तर धक्के टाळण्यासाठी ते आपणहून वेग कमी करतं. साबण जास्त झाला तर फेसामुळेही स्पिन नीट होत नाही. दार उघडल्यावर कपडे निथळत असतील, तर अडचण वाळवण्यात नसून पिळण्यात आहे.

सर्वांत साधं कारण: कपडे जास्त

आठ किलोच्या मशीनमध्ये आठ किलो कपडे धुता येतात, पण वाळवता येतात बहुतेकदा पाचच किलो. वाळवण्यासाठी गरम हवेला कपड्यांमधून फिरायला मोकळी जागा लागते, म्हणून हा आकडा लहान असतो. धुतलेले सगळे कपडे तसेच ठेवून 'वॉश अँड ड्राय' लावलं, तर मधले कपडे ओले राहणारच.

होमस्टेच्या भाषेत हा हिशेब असा मांडता येईल. डबल बेडची सुती चादर साधारण ८०० ग्रॅम, दोन अभ्रे मिळून २०० ग्रॅम आणि दोन मोठे टॉवेल मिळून एक किलो. म्हणजे एका खोलीचे दोन किलो झाले. पाच किलोच्या ड्रायरमध्ये एका वेळी दोनच खोल्यांचे कपडे नीट वाळतील. तिसऱ्या खोलीचे घातले की तिन्ही खोल्यांचे दमट निघतील. एका फेरीला तीन-चार तास धरले, तर सहा खोल्यांना दिवसाचे दहा-बारा तास लागतात. अशा वेळी दुसरं मशीन घेण्यापेक्षा चादरी-टॉवेलचा आणखी एक जोड ठेवणं पुष्कळ स्वस्त पडतं.

कपडे कसे भरले यानेही फरक पडतो. गादीची खोळ किंवा मोठा अभ्रा बाकीचे छोटे कपडे पोटात घेतो आणि आत ओला गोळा तयार होतो. खोळीची बटणं किंवा चेन लावूनच ती मशीनमध्ये टाकावी. पातळ शर्ट आणि जाड जीन्स एकत्र वाळवल्यास शर्ट कोरडे होतात, तेव्हा जीन्सच्या शिवणी आणि खिसे ओलेच असतात. ज्या मशीनमध्ये ओलावा मोजणारा सेन्सर असतो, त्यात अगदी एक-दोनच कपडे टाकले तर ते सेन्सरला नीट लागत नाहीत आणि प्रोग्रॅम लवकर थांबू शकतो.

प्रोग्रॅमही एकदा पाहून घ्यावा. 'आयर्न ड्राय' हा पर्याय इस्त्री सोपी व्हावी म्हणून कपडे मुद्दाम किंचित ओलसर ठेवतो. थेट कपाटात ठेवायचे असतील तर 'कपबोर्ड ड्राय' किंवा 'एक्स्ट्रा ड्राय' निवडावं लागतं.

नळ बंद, तर वाळवणंही बंद

हे कारण अनेकांच्या ध्यानात येत नाही. बऱ्याच वॉशर-ड्रायरमध्ये वाफ थंड करण्यासाठी नळाचंच पाणी वापरलं जातं. वाळवण्याच्या वेळी कंडेन्सरमध्ये पाण्याची बारीक धार सोडली जाते आणि तिच्या गारव्याने वाफेचं पाणी होतं. धुणं संपलं म्हणून कुणी मशीनचा नळ बंद केला, तर हीटर चालू राहतो, पण वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती ड्रममध्येच फिरत राहते आणि कपडे गरम, घामेजलेले निघतात.

पाण्याचा दाब कमी असला तरी थोड्याफार प्रमाणात हेच होतं. अनेक मशीनना किमान ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतली पाण्याची पातळी नळापेक्षा साधारण पाच मीटर उंच हवी. बैठ्या घराच्या छपरावर ठेवलेल्या टाकीची उंची अनेकदा तेवढी नसते. अशा घरात कपडे धुतले जातात, कारण ड्रम हळूहळू का होईना भरतो. पण वाळवताना लागणारी धार पुरेशी मिळत नाही.

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं आणि त्यातला गाळ पाइप मशीनला जोडतो तिथल्या बारीक जाळीत अडकतो. नळ बंद करून, मशीनचा प्लग काढून, पाइप सोडवून ती जाळी जुन्या टूथब्रशने धुणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. उन्हाळ्यात अडचण उलटी असते. काळी टाकी दिवसभर तापली की पाणीच कोमट येतं आणि वाफ नीट थंड होत नाही. मे महिन्यात वाळवण्याचं काम सकाळी लवकर केलं तर फरक जाणवतो.

काही मॉडेल वाफ पाण्याऐवजी हवेने थंड करतात. त्यांच्याभोवती हवा खेळती असावी लागते. बंद न्हाणीघरात कोंबलेलं मशीन स्वतःच्याच उष्णतेत अडकतं. आपलं मशीन यातलं कोणतं, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं.

तंतू, क्षार आणि तुंबलेला ड्रेन

टॉवेल आणि सुती कपड्यांतून सतत बारीक तंतू सुटतात. अनेक वॉशर-ड्रायरमध्ये ते अडवणारी वेगळी जाळी नसते. हे तंतू खालच्या ड्रेन फिल्टरमध्ये आणि कंडेन्सरच्या मार्गात साचतात. हवेचा मार्ग अरुंद झाला की हीटर जास्त तापतो आणि सुरक्षेसाठी बसवलेला कट-आउट त्याला बंद करतो. मशीन फिरत राहतं, उष्णता मात्र नसते.

पुढच्या बाजूच्या छोट्या झाकणामागचा ड्रेन फिल्टर महिन्यातून एकदा उघडून स्वच्छ करावा. होमस्टेसारखा रोजचा वापर असेल तर दर आठवड्याला. आत पाणी असतंच, त्यामुळे खाली ताट आणि फडकं ठेवावं, आणि पाणी गरम असेल तर ते निवेपर्यंत थांबावं. टॉवेल वाळवून झाल्यावर रिकाम्या मशीनमध्ये एकदा 'रिन्स' चालवल्याने चिकटलेले तंतू वाहून जातात. पाणी जड असेल तर माहितीपुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने अधूनमधून डीस्केलिंग करावं.

ड्रेन पाइपचं टोक पाण्यात बुडलेलं नसावं. जोराच्या पावसात मोरी तुंबली की पाणी मागे येतं आणि पंपाने बाहेर टाकलेलं पाणी पुन्हा मशीनमध्ये शिरू शकतं. पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर ठेवावा, असं अनेक पुस्तिकांत सांगितलेलं असतं.

व्होल्टेज कमी, तर उष्णता त्याहून कमी

हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टच्या ऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर व्होल्टेज १३ टक्क्यांनी घटतं, पण हीटरची उष्णता जवळजवळ २४ टक्क्यांनी. १८० व्होल्टवर ती ३९ टक्क्यांनी कमी होते. ठरावीक वेळेवर चालणारा प्रोग्रॅम अशा वेळी कपडे ओले असतानाच संपतो. संध्याकाळी कपडे दमट निघतात आणि दुपारी नाही, असं होत असेल तर विजेकडे पाहावं. घरी स्टॅबिलायझर असेल तर त्यावरचा आकडा पाहता येतो, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्यावं. ते सतत कमी असेल तर महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

वाळवताना वीज गेली तर कपडे बंद ड्रममध्ये वाफेत पडून राहतात. वीज लवकर येणार नसेल तर ते बाहेर काढावेत. दार उघडत नसेल तर अनेक मशीनमध्ये ड्रेन फिल्टरच्या झाकणाजवळ हाताने उघडण्याची दोरी किंवा खटका असतो. आधी प्लग काढावा आणि ड्रममध्ये पाणी नाही ना, ते काचेतून पाहावं.

मशीनमधून कोरडे, दोरीवर सादळलेले

आता किनाऱ्याचा खास मुद्दा. कापूस हवेतला ओलावा शोषतो. प्रयोगशाळेत मानक मानल्या जाणाऱ्या ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतसुद्धा 'कोरड्या' कापसात त्याच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी असतं. पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत मशीनमधून कोरडा काढलेला टॉवेल उघड्या खोलीत ठेवला, तर तो पापडासारखा सादळतो. दोष मशीनचा नाही, हवेचा आहे.

दुसरा मुद्दा मिठाचा. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं, कारण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते त्याहून कमी आर्द्रतेतही पाणी ओढतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे अर्धा लिटर समुद्राचं पाणी प्यायलेल्या टॉवेलमध्ये सुमारे १७ ग्रॅम. तो नुसता पिळून ड्रायरमध्ये टाकला, तर पाणी जाईल, क्षार राहतील आणि तासाभरात टॉवेल पुन्हा चिकट, ओलसर लागेल.

म्हणून समुद्रावरून आलेले कपडे आधी गोड्या पाण्यात दोनदा खळबळून घ्यावेत. खारेपाटात किंवा किनाऱ्यालगत बोअरचं पाणीच मचूळ असेल, तर निदान शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात व्हायला हवं. मचूळ पाण्यात साबणाला फेस कमी येतो म्हणून तो जास्त घातला जातो. मग त्याचाही अंश कपड्यात राहतो आणि ओलावा धरतो.

खरंच ओले आहेत का? वजन करून पाहा

गरम कपडा हाताला नेहमी जास्त दमट लागतो. म्हणून निर्णय हाताने न घेता वजनकाट्याने घ्यावा. एक सुती टॉवेल वाफ निघणं थांबेपर्यंत इस्त्री करून लगेच स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजावा. समजा तो ५०० ग्रॅम भरला. मग तोच टॉवेल चार किलोच्या आतल्या कपड्यांबरोबर धुऊन, वाळवून, मशीनमधून काढून दहा मिनिटं निवू द्यावा आणि पुन्हा मोजावा. वजन ५४० ग्रॅमच्या आत असेल तर मशीन आपलं काम करत आहे. ६०० किंवा त्याहून जास्त भरलं, तर मशीनमध्ये नक्कीच काहीतरी अडलं आहे.

टेक्निशियनला कधी बोलवावं?

वाळवण सुरू होऊन अर्धा तास झाला, तरी दाराची काच गार असेल तर हीटर, कट-आउट किंवा वायरिंगचा प्रश्न असू शकतो. काच चांगली तापते, पण पाण्याने थंड होणाऱ्या मॉडेलच्या ड्रेन पाइपमधून मधूनमधून पाणी पडत नाही, तर पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, कंडेन्सर किंवा पंप तपासावा लागेल. फिल्टर साफ करूनही मशीन मध्येच थांबत असेल, जळका वास येत असेल, झटका लागत असेल किंवा मेन स्विच पडत असेल, तर प्लग काढून लगेच बोलवावं. खाऱ्या हवेत वायरचे जोड आणि सर्किट बोर्ड गंजतात, त्यामुळे मशीन उघड्या पडवीत न ठेवता घरात ठेवणं चांगलं.

फोनवर 'कपडे वाळत नाहीत' एवढंच सांगण्याऐवजी काच तापते का, ड्रेनमधून पाणी येतं का, टॉवेलचं वजन किती भरलं, हे सांगितलं तर योग्य सुटा भाग घेऊनच माणूस येऊ शकतो. श्रीवर्धन किंवा मुरूडसारख्या ठिकाणी, जिथे सर्व्हिस सेंटरचा माणूस दूरवरून यायचा असतो, तिथे यामुळे एक फेरी वाचते. भाग बदलला तर जुना दाखवायला सांगावं आणि बिल घ्यावं. वॉरंटीत असूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

या गोष्टी मात्र टाळाव्यात

वॉशर-ड्रायर एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नये. दोन हजार वॉटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर वीज तासन् तास ओढतो, तर साधा बोर्ड सहा अँपिअरसाठी असतो. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंटच हवा. डिझेल, पेट्रोल किंवा थिनर लागलेले कपडे, मग ते बोटीवरचे असोत की गॅरेजमधले, ड्रायरमध्ये कधीच टाकू नयेत. मालिशच्या किंवा स्वयंपाकाच्या तेलाने भिजलेली फडकीही नकोत. तेलाचा अंश उष्णतेत राहिला की कपडा आपोआप तापत जाऊन पेटण्याचा धोका असतो. म्हणूनच शेवटचा कपडे निवण्याचा टप्पा पूर्ण होण्याआधी मशीन बंद करू नये, आणि तसं करावंच लागलं तर कपडे लगेच पसरून टाकावेत.

दमट कपडे घडी करून कपाटात ठेवणंही तितकंच वाईट. कुबट वास हा जिवाणूंचा असतो. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूकडे त्यासाठी बोट दाखवलं होतं. ओलसर अंतर्वस्त्रं दिवसभर अंगावर राहिली तर नायट्यासारख्या बुरशीलाही पोषक वातावरण मिळतं.

थोडक्यात, क्रम असा ठेवावा. आधी किलो पाहावेत, मग स्पिन आणि प्रोग्रॅम, मग नळ आणि जाळी, मग ड्रेन फिल्टर, मग व्होल्टेज आणि शेवटी टॉवेलचं वजन. एवढं करूनही काटा जास्तच दाखवत असेल, तर टेक्निशियनला फोन लावावा. आणि कपडे मशीनमधून कोरडे निघाले की ते गार होताच घडी करून बंद कपाटात किंवा झाकणाच्या पेटीत ठेवावेत. पावसाळ्यात किनाऱ्यावर कपडा वाळवण्याइतकंच तो कोरडा ठेवणंही महत्त्वाचं असतं.